तलावाचा गॅस हीटर बदलताना: माझ्या नोंदी

४ ऑक्टोबर, शनिवार

हीटरच्या खाली पाणी दिसलं. चौथऱ्यावर हातभर ओल, कडेला हिरवट डाग. पहिल्यांदा वाटलं की हे नेहमीचंच. तलावाचं पाणी गार असताना हीटर पेटवला की बर्नरच्या धुरातली वाफ गार नळ्यांवर जमते आणि पाच-दहा मिनिटं थेंब गळतात. पाणी जरा तापलं की ते आपोआप थांबतं. म्हणून हीटर बंद केला, पंप चालू ठेवला आणि चौथरा कोरडा पुसून तिथे वर्तमानपत्र पसरलं. तासाभरात कागद भिजला. आग नाही म्हणजे वाफ नाही, तरी पाणी येतंय. याचा अर्थ गळती आतून, हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे आगीची उष्णता पाण्याला देणाऱ्या नळ्यांच्या संचातून आहे.

कागद ठेवण्याआधी एक मोजमाप घेतलं, ते पुढे फार उपयोगी पडणार आहे असं वाटतं. घरातली शेगडी, गिझर सगळं बंद ठेवून फक्त हीटर चालवला आणि गॅस मीटरसमोर घड्याळ घेऊन उभी राहिले. दोन मिनिटांत ०.२६ घनमीटर गेला. म्हणजे ताशी ७.८ घनमीटर. आमच्या गॅसमध्ये घनमीटरमागे सुमारे साडेदहा किलोवॅट-तास उष्णता धरली, तर हीटर ८२ किलोवॅटने जळतोय. त्याच्या पाटीवर मात्र तासाला ४,००,००० बीटीयू (उष्णतेचं इंग्रजी एकक) लिहिलंय, म्हणजे ११७ किलोवॅट. इतकी वर्षं आम्ही ज्याला चारशेचा हीटर म्हणत आलो, तो सत्तर टक्केच चालत होता.

ज्योतही बघितली. निळी असायला हवी, ती पिवळी आणि लोळणारी होती. तिथेच बंद केला. गॅसचा कॉक आडवा करून त्यावर चिठ्ठी बांधली. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट ज्वलन आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, आणि हा हीटर बरोबर न्हाणीघराच्या खिडकीखाली उभा आहे.

आईला सांगितलं की काही आठवडे पाण्यातला व्यायाम बंद. ती म्हणाली, "गुडघे काही आठवडे थांबतील का ते त्यांना विचार." काम लवकर करायला हवं.

५ ऑक्टोबर

भावाला बोलावून वरचं झाकण उघडलं. नळ्यांच्या पंखांमध्ये काजळी गच्च भरलेली. खालच्या बाजूला दोन नळ्यांच्या वळणावर तांबं कागदासारखं पातळ झालेलं आणि एका जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक. नळी पाण्याच्या बाजूने खाल्ली गेलीय, आगीच्या बाजूने नाही. हे मला आधी उमगलं नव्हतं. मी दोष वयाला देत होते.

पाण्याची चाचणी केली. पीएच ६.९, एकूण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५० भाग, तांबं ०.५ पीपीएम. तलावाच्या पायऱ्यांवर वर्षभर दिसणारी निळी-हिरवी झाक म्हणजे आमच्याच हीटरचं तांबं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या टोपलीत टाकतो. मीच टाकते. या ट्रायक्लोरच्या गोळ्या विरघळल्या की त्यांचं पाणी तीनच्या आसपास पीएचचं, चांगलंच आम्लधर्मी होतं. पंप चालू असेपर्यंत ते पंचेचाळीस हजार लिटरमध्ये मिसळून जातं. पण रात्री पंप बंद असतो आणि गोळी विरघळतच राहते. सकाळी पंप सुरू झाला की टोपलीत साठलेलं ते तीव्र पाणी सगळ्यात आधी पंपातून, फिल्टरमधून आणि थेट हीटरच्या तांब्याच्या नळ्यांतून जातं. रोज सकाळी एकदा. वर्षानुवर्षं.

गोळ्या आजच काढल्या. नवा हीटर कितीही चांगला आणला तरी ही सवय राहिली असती, तर त्याचंही हेच झालं असतं.

७ ऑक्टोबर

विक्रेत्याला फोन. त्याने तलावाची लांबी-रुंदीही विचारली नाही. "जुना चारशेचा ना? मग चारशेचाच घ्या, किंवा त्याहून मोठा." मी म्हटलं, जुना चारशेचा नव्हताच, कधी तीनशेही झाला नाही. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आकडा मलाच काढायचाय.

आधी तलाव. ८ मीटर बाय ४ मीटर, उथळ टोकाला १ मीटर, खोल टोकाला १.८. सरासरी १.४ धरली तर ४४.८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ४५,००० लिटर. पृष्ठभाग ३२ चौरस मीटर.

एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. ४५,००० लिटरला एक अंशासाठी ५२.३ किलोवॅट-तास. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हीटर न लावता राहिलेलं पाणी या दिवसांत २२ अंशांपर्यंत उतरतं. आईला व्यायामासाठी ३० लागतं. आठ अंश, म्हणजे ४१८ किलोवॅट-तास.

पण हे झालं फक्त चढवायचं गणित. तापवता तापवता तलाव उष्णता सोडतही असतो आणि ती किती, हे पुस्तकातून घेण्यापेक्षा आपल्याच तलावावर मोजलेलं बरं. हीटर नसला तरी आज दुपारच्या उन्हाने पाणी बरंच चढलंय. आज रात्री सुरुवात.

८ ते ११ ऑक्टोबर

चार रात्रींची मोजणी. दोन रात्री तलाव उघडा, दोन रात्री बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं कव्हर घालून. पंप चारही रात्री सारखाच चालवला, नाहीतर वरचं पाणी आणि तळाचं पाणी वेगळं राहतं आणि थर्मामीटर खोटं सांगतो. थर्मामीटर अर्धा मीटर खोल, दोरीला बांधून, दर वेळी त्याच जागी.

उघड्या तलावाची रात्र: नऊ वाजता २६.४, सकाळी सातला २४.६. दहा तासांत १.८ अंश गेले. १.८ गुणिले ५२.३, म्हणजे ९४ किलोवॅट-तास. दर तासाला सरासरी ९.४ किलोवॅट-तास, म्हणजेच ९.४ किलोवॅट हवेत गेले.

कव्हर घातलेली रात्र: २६.१ वरून २५.४. फक्त ०.७ अंश. म्हणजे ३.७ किलोवॅट.

दुसऱ्या जोडीतही फरक जवळजवळ तेवढाच आला. बाहेरची हवा चारही रात्री पंधराच्या आसपास होती, वारा बेताचा. एका प्लास्टिकच्या चादरीने साठ टक्के तूट थांबवली. हे कव्हर आमच्याकडे आधीपासून आहे. पंपाच्या खोलीत गुंडाळून पडलेलं असतं, कारण ओढायला दोघं लागतात आणि कंटाळा येतो. एवढी उष्णता आपण कंटाळ्यापायी हवेत सोडत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

उघड्या रात्री आणखी एक गोष्ट केली. बादलीत तलावाचंच पाणी भरून ती पायरीवर अशी ठेवली की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. दोन्हीकडे पेन्सिलने रेघ. सकाळी दोन्ही रेघांपासून पाणी सारखंच उतरलेलं, सुमारे ३ मिलिमीटर. दोन्हीकडे सारखं, म्हणजे तलावाला गळती नाही, जे गेलं ते वाफ होऊन गेलं. ३२ चौरस मीटरवर ३ मिलिमीटर म्हणजे ९६ लिटर. लिटरभर पाण्याची वाफ होताना ०.६७६ किलोवॅट-तास उष्णता सोबत जाते. म्हणजे ६५. एकूण तूट ९४, त्यातली ६५ नुसत्या वाफेतून, एकोणसत्तर टक्के. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने तलावांसाठी दिलेला अंदाज सत्तर टक्क्यांचा आहे. साधी बादली आणि पेन्सिल घेऊन आपण तिथे पोहोचलो याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

तळातून आणि भिंतीतून जाणारी उष्णता त्यामानाने किरकोळ. जे काही करायचं ते पृष्ठभागावर.

१२ ऑक्टोबर, रविवार

आता आकडा.

मोजणी पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यावर झाली. पाणी तीस अंशांना असेल तेव्हा वाफ जास्त सुटेल. बाष्पदाबाच्या कोष्टकातून बघितलं तर त्याच हवेत तूट साधारण दीडपट होते. म्हणजे तीस अंशांना उघड्या तलावाची १४ किलोवॅट, कव्हर घालून ५.५.

आमचा वापर असा: शनिवारी आणि रविवारी सकाळी आईचा व्यायाम, दुपारी मुलं. मधले दिवस कोणी उतरत नाही. तेव्हा पाणी आठवडाभर तीसवर धरून ठेवण्यात अर्थ नाही. शुक्रवारी रात्री पेटवायचा आणि सकाळी सात-आठपर्यंत तयार. वाईटात वाईट स्थितीत आठ अंश नऊ तासांत चढले पाहिजेत.

४१८ भागिले ९, म्हणजे ४६.४ किलोवॅट. त्यात तूट ५.५. एकूण ५२ किलोवॅट पाण्यात उतरले पाहिजेत. हीटरची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर जळायला हवेत ६२ किलोवॅट, म्हणजे २,११,००० बीटीयू. इथे एक घोटाळा सर्रास होतो. हीटरच्या नावातला आकडा जळणाऱ्या गॅसचा असतो, पाण्यात उतरणाऱ्या उष्णतेचा नाही. दोन्हींत सोळा-अठरा टक्क्यांचा फरक.

बाजारात याच्या वरचं माप अडीच लाख बीटीयूचं, ७३ किलोवॅट. पाण्यात ६१.५. तूट वजा जाता ५६. तासाला १.०७ अंश, आठ अंशांना साडेसात तास. कव्हर घालायचं राहिलंच तर तासाला ०.९ अंश, पावणेनऊ ते नऊ तास. म्हणजे विसरलो तरी सकाळ हुकत नाही.

पडताळा म्हणून ऊर्जा विभागाचं साधं सूत्रही लावून बघितलं: पृष्ठभाग चौरस फुटांत, गुणिले पाणी आणि वापराच्या सर्वांत थंड महिन्यातली सरासरी हवा यांतला फरक फॅरनहाइटमध्ये, गुणिले १२. आमचे ३४४ चौरस फूट, फरक २७ अंश. उत्तर १,११,००० बीटीयू. पण हे तासाला साधारण एक-सव्वा फॅरनहाइट चढवण्यासाठीचं आहे. तासाला दोन अंश फॅरनहाइट हवे असतील तर दुप्पट करायचं, म्हणजे २,२३,०००. या अडीच लाखाच्या हीटरचा वेग त्या दोनच्या जरासा खालीच आहे आणि त्याचं पाण्यात उतरणारं माप २,१०,०००. दोन वेगळ्या वाटांनी एकाच चौकात आले.

चारशेचा का नको, याचा विचारही प्रामाणिकपणे केला. मोठा हीटर जास्त गॅस खातो, हा समज तितकासा खरा नाही. आठ अंश चढवायला लागणारी उष्णता तीच, मोठ्याने साडेचार तासांत दिली, लहानाने साडेसात तासांत. उलट मोठा असता तर तीन तासांची तूट वाचली असती, दोनेक घनमीटर गॅस. पाणी रोज अचानक हवं असेल तर मोठाच घ्यावा. आम्हाला घाई नाही, रात्र मोकळीच असते. आणि आमची अडचण वेगळीच आहे, ती उद्या गॅस फिटर काका आले की कळेल.

हीट पंपाचाही हिशेब मांडला. १५ किलोवॅटचा पंप तूट भरून उरलेल्या साडेनऊ किलोवॅटने आठ अंश चढवायला चव्वेचाळीस तास घेईल. रोज पोहणारं घर असतं आणि पाणी कायम धरून ठेवायचं असतं, तर मी डोळे मिटून तोच घेतला असता. विजेच्या एका युनिटमागे तो हवेतून कित्येक पट उष्णता आणतो. आठवड्यातून दोन दिवसांसाठी मात्र गॅसच बरा.

१३ ऑक्टोबर

फिटर काका गॅसचा दाब मोजायचं मॅनोमीटर घेऊन आले. ज्योतीच्या अवस्थेमुळे हीटर पुन्हा चालवायला ते आधी तयार नव्हते. मग न्हाणीघराची खिडकी बंद करून, सगळ्यांना लांब ठेवून, फक्त दाब वाचण्यापुरता मिनिटभर पेटवला. बंद असताना हीटरच्या तोंडाशी २१ मिलिबार. पेटवल्यावर १३.

काका म्हणाले, "ताई, हीटर मोठा होता, पण त्याला घास पुरत नव्हता."

मीटरपासून हीटरपर्यंत २४ मीटर लांब पाऊण इंची पाइप, त्यात सहा एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं. कुणीतरी शेगडीच्या लाइनवरूनच फाटा काढून दिलेला. गॅसचं असं आहे की लांबी दुप्पट झाली की त्याच दाबात पाइपची क्षमता सातदशांशावर येते. शिवाय प्रत्येक एल्बो म्हणजे काही हात जास्तीची लांबी. दाब पडला की बर्नरच्या जेटमधून गॅस जोरात येत नाही, जोर नसला की तो सोबत पुरेशी हवा ओढत नाही आणि ज्योत पिवळी पडते. मग काजळी, काजळीने धुराची वाट अडते, ज्योत आणखी बिघडते. पाण्याच्या बाजूने आम्ल आणि आगीच्या बाजूने काजळी. हीटर दोन्हीकडून मरत होता.

शिवाय मीटर. त्यावर कमाल क्षमता ताशी १० घनमीटर. चारशेच्या हीटरला एकट्यालाच ११ लागतात! म्हणजे पाइप कितीही जाड केला असता, तरी मीटरने अडवलंच असतं. आता नव्या हीटरचे ७३, गिझरचे २०, शेगडीचे ६, मिळून ९९ किलोवॅट, ताशी ९.४ घनमीटर. जेमतेम, पण बसतं. अडीच लाखांचा आकडा मी रात्रीच्या गणितातून काढला होता, मीटरनेही त्यालाच होकार दिला.

पाइप: एक इंची चालला असता का, असं विचारलं. काकांनी त्यांच्या कोष्टकात बोट फिरवलं आणि मान हलवली. चालेल, पण दोनेक मिलिबार पडतील, गिझर लागला की आणखी. मीटरजवळून वेगळी सव्वा इंची लाइन टाकायची ठरलं. व्यास पाऊण इंचावरून सव्वा इंचावर गेला की क्षमता साडेतीन पटींहून जास्त वाढते. हे काम परवानाधारक माणसाचंच. मी किंवा भावाने गॅसच्या सांध्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

१५ ऑक्टोबर

हीटर मागवला. अडीच लाख बीटीयू, क्युप्रोनिकेल नळ्यांचा. तांब्यात निकेल मिसळलेलं असलं की गंज आणि झीज जास्त सोसतो. सतत पेटत राहणारी पायलट ज्योत नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पायलट असती तर आठवड्याचे पाच दिवस ती उगाच जळत राहिली असती.

१८ ऑक्टोबर

जुना हीटर उतरवला. पाण्याचा निचरा, वीज मुख्य स्विचवरून बंद, गॅस मीटरजवळून बंद. वजनाला तिघे लागले.

चौथरा नव्या जागी घातला, न्हाणीघराच्या खिडकीपासून लांब, हीटरच्या पुस्तिकेत दिलेली सगळी अंतरं राखून. छताच्या पन्हाळीखालीही नाही. वरून धो धो पाणी पडलं तर ते धुराच्या जाळीतून थेट बर्नरवर येतं. यामुळे लाइन दोन मीटरने वाढली, ती काकांनी हिशेबात घेतली.

१९ ऑक्टोबर

फक्त पाण्याचं काम. अल्कलिनिटी ५० वरून ९० करायला तीन किलो खाण्याचा सोडा, दोन भागांत, पंप चालू ठेवून. संध्याकाळी पीएच ७.४.

२४ ऑक्टोबर

हीटर आला, आणि आजचा दिवस नळकामाचा. क्रम असा: पंप, फिल्टर, हीटर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग क्लोरीनचं भांडं आणि तिथून तलाव. क्लोरीन सगळ्यांत शेवटी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यासाठी की पंप थांबल्यावर भांड्यातलं तीव्र पाणी मागे सरकून हीटरमध्ये येऊ नये. प्लंबरला हा व्हॉल्व्ह अनावश्यक वाटत होता. त्याला मी जुन्या नळीचा कापून ठेवलेला तुकडा हातात दिला. त्याने भोकातून उजेडाकडे बघितलं आणि मुकाट्याने व्हॉल्व्ह बसवला.

तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपासही ठेवला. हीटर दुरुस्तीला काढला तरी तलावाचं गाळणं थांबणार नाही. हीटरच्या दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारे सांधे), म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. हीटरला लागून असलेले तुकडे उष्णता सोसणाऱ्या पाइपचे. साधा पीव्हीसी तिथे मऊ पडून वाकतो.

२५ ऑक्टोबर

गॅसची लाइन पूर्ण. हीटरच्या आधी खाली वळलेला बंद तुकडा, म्हणजे पाइपातला कचरा आणि ओल तिथे बसेल, व्हॉल्व्हमध्ये जाणार नाही. लाइनमध्ये दाब भरून काट्यावर नजर ठेवली, मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. एका युनियनवर बारीक बुडबुडा आला. काकांनी ती उघडली, पुसली, पुन्हा कसली. परत साबण, परत वाट पाहिली. एवढ्या बुडबुड्यासाठी अर्धा तास गेला आणि तो माणूस एकदाही चिडला नाही. गॅसचं काम अशाच माणसाच्या हातून व्हावं.

अर्थिंग तपासलं. न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला.

मग पेटवला. ज्योत निळी, घट्ट.

मोजमापं. दाब: हीटर बंद असताना २१, एकटा हीटर चालू असताना १९.८, गिझर आणि शेगडीसकट सगळं चालू असताना १९.३. पुस्तिकेत दिलेल्या किमान दाबाच्या बराच वर. मीटर: दोन मिनिटांत ०.२३२ घनमीटर, ताशी ६.९६, म्हणजे ७३ किलोवॅट. पाटीवर लिहिलंय तेवढंच तो खातोय!

भावाने परतीच्या पाण्याला हात लावला आणि म्हणाला, "अगं, हे तर कोमट पण नाहीये. बिघडलंय काही." हा गैरसमज सगळ्यांचा होतो. मिनिटाला १८० लिटर पाणी जातंय, त्यात साठ किलोवॅट उष्णता वाटली तर पाच अंशांनीच वाढणार. आत जाताना २४.६, बाहेर पडताना २९.४. फरक ४.८. हिशेब केला तर ६०.३ किलोवॅट पाण्यात उतरतायत. बाहेर येणारं पाणी कढत लागलं असतं तर उलट काळजीचं होतं, म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी पडतोय.

पहिली दहा मिनिटं चौथऱ्यावर थेंब पडले. छातीत धस्स झालं. मग थांबले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

खरी परीक्षा. रात्री नऊला पाणी २२.८. कव्हर घातलं, भावाने एक टोक, मी एक. हीटर ३० वर लावला. दर तासाला उठून वाचायचं ठरवलं होतं, बारानंतर झोप लागली. चारचा गजर लावला होता.

१ नोव्हेंबर

पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी ३०.०. सात तास पाच मिनिटांत ७.२ अंश. तासाला १.०२. कागदावर १.०७ आलं होतं. रात्री वारा सुटला होता आणि कव्हरचा उथळ टोकाकडचा कोपरा उलटलेला सापडला, बहुतेक त्याचाच फरक. गॅस ४९ घनमीटर.

म्हणजे नऊला सुरू करायची गरज नाही. टायमर रात्री अकरावर लावला, सहाच्या सुमाराला तयार होईल आणि दोन तास उगाच धरून ठेवावं लागणार नाही.

सकाळी आठला आई उतरली. पहिल्या पायरीवर थांबून तिने पाण्यात पाय हलवून बघितला, मग कठडा सोडला. पंचवीस मिनिटं चालली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आधी एवढं ऊन कधी नसायचं गं." खरं आहे. जुना हीटर सकाळपर्यंत तीसला पोहोचायचाच नाही, सत्तावीस-अठ्ठावीसवर आम्ही समाधान मानायचो, आणि ती काही बोलायची नाही.

८ नोव्हेंबर

कव्हरसाठी रूळ बसवला, हँडलने फिरवायचा. आता एकट्या माणसाला दोन मिनिटांत घालता-काढता येतं. कोपऱ्यांना पाण्याच्या पिशव्या, वाऱ्याने उलटू नये म्हणून. खरं तर हे काम हीटरच्या आधी करायला हवं होतं.

शुक्रवारी रात्री पाणी २४.३ होतं, मागच्या वेळेपेक्षा दीड अंश वर, कारण आठवडाभर कव्हर घातलेलं राहिलं. गॅस ३८ घनमीटर.

१५ नोव्हेंबर

पीएच ७.५, अल्कलिनिटी ९०, कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा) २२०. तांबं ०.३ वर आलंय, मधे एक तृतीयांश पाणी बदललं त्यामुळे. क्लोरीनचं भांडं अगदी मंद ठेवलंय. हीटरचं झाकण उघडून नळ्यांचे पंख बघितले, काजळीचा मागमूस नाही. आई आज चाळीस मिनिटं पाण्यात होती.

तांब्याची पुढची चाचणी ६ डिसेंबरला. त्या दिवशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडपही उघडून बघायची आहे.